हिब्रूतील कर्मणी रूपे आणि मराठी अभ्यासक : एका संज्ञेची चिकित्सा

१

परभाषेचे व्याकरण शिकविताना शिक्षक जी संज्ञा पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो, तीच पुढे विद्यार्थ्याच्या वाचनाची दिशा ठरविते. संज्ञा नेमकी असेल तर अपरिचित रूपही ओळखीचे वाटू लागते. ती उसनी व सैल असेल तर परिचित अर्थही हातचा निसटतो. हिब्रू क्रियापदाच्या काही रूपांना मराठीतून ‘कर्मणी’ म्हणण्याचा जो सोपा मार्ग आहे, त्याची ह्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

हा प्रश्न मराठीला परका नाही. कोकणपट्टीतील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. ह्या समाजासाठी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८३६ चे आहे. हिब्रूचे व्याकरण सांगण्याचे काम मराठीवर आले, तेव्हा स्वतःचे व्याकरण सांगण्याची तिची परिभाषाही पुरती स्थिरावलेली नव्हती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १९४८ नंतर ह्या समाजातील हजारो माणसे इस्राएलमध्ये गेली, आणि जी हिब्रू आजवर प्रार्थनेपुरती होती ती त्यांना बाजारात, कारखान्यात व सरकारी कचेरीत वापरावी लागली.

मराठी आणि अन्य भाषा ह्यांच्या सीमेवर ‘कर्मणी’ ह्या संज्ञेची कसोटी लागते. एक सीमा कोकणच्या किनाऱ्यावर आहे. तेथून मराठी भाषक हिब्रूकडे जातो. दुसरी सीमा यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात, पैनगंगेच्या काठाशी आहे. तेथे कोलामी किंवा गोंडी बोलणारे मूल मराठीकडे येते. दोन प्रवासांची दिशा उलट असली, तरी अडखळण्याची जागा एकच आहे. प्रथम हिब्रूचा विचार करून शेवटी ह्या दुसऱ्या सीमेकडे वळणे सोयीचे होईल.

२

हिब्रू धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ही व्यंजने कायम ठेवून स्वर बदलले, काही उपसर्ग जोडले किंवा मधले व्यंजन द्वित्त केले, म्हणजे एकाच धातूपासून निरनिराळे क्रियापद-साचे सिद्ध होतात. ह्या साच्यास ‘बिन्यान’, म्हणजे बांधणी किंवा इमारत, असे म्हणतात. परंपरेने सात बिन्याने मोजली जातात : पाअल (ह्यालाच ‘कल’, म्हणजे हलके, असे दुसरे नाव आहे), निफअल, पिएल, पुअल, हिफइल, हुफअल आणि हितपएल. पाअल हे नाव अरबी व्याकरणातून आलेल्या ‘करणे’ ह्या अर्थाच्या नमुना-धातूवरून पडले आहे.

प्राथमिक पुस्तकांत ह्या सातांची मांडणी सामान्यतः जोड्यांनी केलेली असते. पाअल कर्तरी, निफअल त्याचे कर्मणी. पिएल कर्तरी, पुअल त्याचे कर्मणी. हिफइल कर्तरी, हुफअल त्याचे कर्मणी. हितपएल हे आत्मवाचक म्हणून एकटे. कोष्टक सुबक आहे व पाठ करण्यास सुलभ आहे. पण त्यात तीन भिन्न प्रकारच्या संबंधांना एकच नाव मिळाले आहे. पुअल आणि हुफअल ह्यांच्या बाबतीत ते नाव बहुतांशी खरे आहे. निफअलच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. आणि हिब्रू वाचणाऱ्यास पदोपदी भेटते ते निफअलच.

३

निफअल हे केवळ कर्मणी नव्हे, ह्याचे पुरावे रूपांतच आहेत. पुअल व हुफअल ह्यांना आज्ञार्थ जवळजवळ नाही. बायबलमध्ये हुफअलच्या आज्ञार्थाची एखाददुसरीच उदाहरणे सापडतात. हे स्वाभाविक आहे, कारण ज्याच्यावर क्रिया केली जाते त्याला ती ‘कर’ म्हणून आज्ञा देण्यात अर्थ नसतो. उलट निफअलला आज्ञार्थ आहे आणि तो नित्य वापरातला आहे. ‘शामर’ म्हणजे त्याने राखले, सांभाळले. ह्याच धातूचा निफअल आज्ञार्थ ‘हिश्शामेर’ म्हणजे सावध राहा, जप. ‘राखला जा’ असा त्याचा अर्थ कोणीही करणार नाही.

दुसरा पुरावा ज्यांना कर्मणी म्हणताच येत नाही अशा निफअल क्रियापदांचा. ‘निल्खम’ म्हणजे लढला, ‘निश्बा’ म्हणजे त्याने शपथ घेतली, ‘निख्नस’ म्हणजे आत शिरला, ‘निश्अर’ म्हणजे उरला. ह्यांतील कर्ता स्वतः काही करतो आहे किंवा एखाद्या स्थितीत आहे. त्याच्यावर दुसरा कोणी क्रिया करीत नाही.

विल्हेल्म गेझेनिउस ह्यांचे हिब्रू व्याकरण १८१३ मध्ये प्रथम निघाले आणि काउट्श ह्यांनी सुधारून वाढविलेल्या स्वरूपात ते विसाव्या शतकात प्रमाण मानले गेले. त्या थोर ग्रंथात निफअलचा मूळ अर्थ आत्मवाचक सांगितला आहे, ग्रीकमधील मध्यम प्रयोगाशी त्याची तुलना केली आहे, आणि कर्मणी अर्थ सर्वांत शेवटी दिला आहे. म्हणजे मोठ्या व्याकरणाने जो अर्थ शेवटी ठेवला, तो लहान पुस्तकांनी सोयीसाठी पहिला केला. मात्र मोठ्या व्याकरणाच्या मांडणीतही एक उणीव आहे. आत्मवाचकाचा पुढे कर्मणी झाला ह्याचे कारण भाषेच्या प्राचीन अवस्थेतील अर्थविवेकाचा सैलपणा असे तेथे दिले आहे. ज्यांच्या भाषेत ‘स्वतःला उघडणे’ आणि ‘उघडले जाणे’ ह्यांच्या मधली जागा क्रियापदाच्या रूपाने ठळकपणे दाखविली जात नाही, त्यांना ही सरमिसळ वाटणे साहजिक होते. मराठी भाषकास ती तशी वाटण्याचे कारण नाही. पुढील जोड्या पाहाव्यात :

शावर – त्याने फोडले. निश्बर – फुटले.
पातख – त्याने उघडले. निफ्तख – उघडले गेले, किंवा नुसतेच उघडले.
सागर – त्याने बंद केले. निस्गर – बंद झाले.
राआ – त्याने पाहिले. निर्आ – दिसला.
शामा – त्याने ऐकले. निश्मा – ऐकू आले.
माखर – त्याने विकले. निम्कर – विकला गेला, खपला.

मराठीत फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, सुटणे–सोडणे, पडणे–पाडणे, जळणे–जाळणे, गळणे–गाळणे अशा जोड्यांचा मोठा साठा आहे. पाहणे–दिसणे अशा भिन्न धातूंच्या जोड्या आहेत. सुरू करणे–सुरू होणे, बंद करणे–बंद होणे, प्रसिद्ध करणे–प्रसिद्ध होणे अशा जोड्या तर रोज नव्याने तयार होतात. ‘काच फुटली’ ह्या वाक्यात काचेने स्वतःला फोडले असा अर्थ नाही आणि कोणी तरी ती फोडली असाही आग्रह नाही. फोडणारा असेल किंवा नसेल. वाक्य त्याविषयी मौन पाळते. निफअलचे हृदय ह्या मौनात आहे.

भारतीय व्याकरणपरंपरेने ह्या अवस्थेला फार पूर्वी नाव दिले आहे. ‘लाकूड आपणच फुटते’, ‘भात आपणच शिजतो’ अशा अर्थाच्या संस्कृत वाक्यांत जे वस्तुतः कर्म तेच कर्ता होते. पाणिनीने ह्या कर्त्यास कर्मवत् मानण्याचे सूत्र केले आणि परंपरेने त्या रचनेस कर्मकर्तरी प्रयोग म्हटले. निफअलच्या मध्यवर्ती अर्थासाठी ह्याहून नेमकी संज्ञा शोधण्याचे प्रयोजन नाही. ती घरात असताना कर्मणी हे नाव बाहेरच्या कोष्टकावरून उचलले गेले, हीच ह्या अध्यापनातील पहिली उणीव होय.

येथे एक आक्षेप संभवतो व तो रास्त आहे. ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘निख्तव’ म्हणजे लिहिले गेले. पत्र आपणच लिहिले जात नाही; त्यास लिहिणारा लागतोच. म्हणजे निफअलचा कर्मणी अर्थही खरा आहे. ह्याचे उत्तर क्रियेच्या स्वरूपात आहे. जी क्रिया कर्त्यावाचून घडलेली कल्पिता येते, तिचे निफअल कर्मकर्तरी होते. जी कल्पिता येत नाही, तिचे कर्मणी होते. मराठीही नेमकी ह्याच रेषेवर दुभंगते. फोडणे ह्यास फुटणे हा जोडीदार आहे. लिहिणे ह्यास तसा जोडीदार नाही, म्हणून तेथे ‘लिहिले गेले’ म्हणावे लागते. विद्यार्थ्याने निफअल रूप दिसताच प्रथम मराठीत अकर्मक जोडीदार आहे का हे पाहावे आणि तो नसेल तरच ‘गेला’ वापरावा. हा नियम पाठ करावयाच्या कोष्टकापेक्षा लहान आहे, आणि चुका मात्र कितीतरी अधिक टाळतो.

दिशेतील एक भेद मात्र सांगितला पाहिजे. हिब्रूत सकर्मक रूप साधे आणि अकर्मक रूप ‘नि’ जोडून साधलेले. मराठीत फुटणे हे मूळ आणि फोडणे हे स्वरवृद्धीने साधलेले. अर्थ जुळतात, घडण जुळत नाही. साम्याच्या भरात हे विसरले, तर नवी चूक जन्मास येते.

४

दुसरी उणीव अधिक खोल आहे, कारण ती खुद्द मराठीच्या परिभाषेतील आहे. ‘रामाने पोळी खाल्ली’ हे वाक्य शालेय व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे म्हणून शिकविले जाते. क्रियापद पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून प्रयोग कर्मणी. व्याख्या सुसंगत आहे. परंतु ह्या वाक्यात कर्ता मागे सरलेला नाही आणि कर्म पुढे आलेले नाही. ‘रामाने आपली पोळी खाल्ली’ म्हटले तर ‘आपली’ हे रामाचेच. भूतकाळात ही गोष्ट सांगण्याचा मराठीतील हा साधा, सरळ मार्ग आहे. वक्त्याने तो काही विशेष हेतूने निवडलेला नसतो. उलट ‘पोळी खाल्ली गेली’ ह्या वाक्यात कर्ता खरोखरच बाजूस सारला आहे. ह्यासही नाव कर्मणीच, फार तर ‘नवीन कर्मणी’.

म्हणजे एका संज्ञेखाली दोन गोष्टी नांदतात. एक, क्रियापद कोणाशी जुळते. ही अन्वयाची गोष्ट. दुसरी, घटना कोणाच्या बाजूने सांगितली आहे. ही अर्थाची व दृष्टिकोणाची गोष्ट. संस्कृतात ‘रामाकडून पोळी खाल्ली जाते’ ह्या अर्थाच्या वाक्यात दोन्ही गोष्टी एकत्र येत, म्हणून एक नाव पुरत असे. मराठीत त्या वेगळ्या झाल्या. नाव मात्र एकच राहिले. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगविचारास मिळालेला विस्तार हीच ह्या अडचणीची साक्ष आहे. संस्कृत व इंग्रजी साचे मराठीस कितपत मानवतात हा प्रश्न अरविंद मंगरूळकर ह्यांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ करताना ऐरणीवर आणला. मराठीच्या अंतर्गत व्यवहारात ही संदिग्धता फारशी बाधत नाही, कारण भाषक रूप चुकत नाही. चुकते ते केवळ नाव. परभाषेच्या दारात मात्र नावावरूनच रूप शोधावयाचे असते.

‘सीतेने आंबा खाल्ला’ ह्याचे हिब्रू करावयाचे आहे असे समजू. मराठी क्रियापद आंब्याशी जुळून पुल्लिंगी झाले आहे. हिब्रूत क्रियापद सर्व काळांत कर्त्याशीच जुळते. म्हणून येथे स्त्रीलिंगी ‘आखला’ हवे. विद्यार्थी दोन प्रकारे चुकू शकतो. मराठी अन्वय तसाच नेला तर तो पुल्लिंगी ‘आखल’ लिहील. शाळेतील धडा आठवून वाक्य कर्मणी आहे असे मानले, तर तो निफअल ‘नेएखल’ लिहील आणि अर्थ ‘आंबा खाल्ला गेला’ असा होईल. दुसरी चूक अभ्यासू विद्यार्थ्याची आहे. ज्याने व्याकरण नीट शिकले तोच येथे फसतो, ह्याहून त्या संज्ञेविरुद्ध अधिक काय म्हणावे?

५

पुअल आणि हुफअल ह्यांच्या बाबतीत ‘गेला’चे मराठी रूप बहुधा उपयोगी पडते. ‘हिग्गीद’ म्हणजे त्याने कळविले, ‘हुग्गद’ म्हणजे कळविले गेले. योसेफाच्या कथेत त्यास मिसरात खाली नेले गेले हे सांगण्यास ‘हूरद’ हे हुफअल रूप येते. तेथे ‘उतरला’ हे मराठी अकर्मक रूप वापरले तर कथेचा घात होतो. योसेफ आपण होऊन गेला नव्हता, त्याला विकून नेले होते. निफअलमध्ये जे मौन आहे ते येथे नाही. करणारा कोणी तरी आहे, त्याचे नाव तेवढे घेतलेले नाही. हा भेद विद्यार्थ्याच्या मनात रुजविण्यास ‘फुटले’ आणि ‘फोडले गेले’ ह्या दोन मराठी रूपांइतके चांगले साधन नाही.

ह्या रूपांच्या रचनेत एक विशेष आढळतो. निश्चित कर्मापूर्वी हिब्रूत ‘एत’ हा शब्द येतो. कर्मणी वाक्यात कर्म हे उद्देश्य झाल्यावर ‘एत’ राहू नये. तरीही बायबलमध्ये ते काही ठिकाणी राहते. उत्पत्तीच्या पुस्तकातील चौथ्या अध्यायात हनोखास इराद झाला हे सांगताना क्रियापद निफअल आहे आणि इरादपूर्वी ‘एत’ आहे. त्याच पुस्तकातील सत्ताविसाव्या अध्यायात एसावाचे शब्द रिबकेस कळविले गेले, तेथे शब्द अनेकवचनी असून क्रियापद हुफअल, एकवचनी पुल्लिंगी आहे, आणि ‘एत’ कायम आहे. युरोपीय व्याकरणांना ह्यासाठी अनाम कर्ता कल्पून स्पष्टीकरण द्यावे लागले. मराठी विद्यार्थ्यास ‘चोरांना पकडले गेले’ एवढे एक वाक्य पुरे आहे. कर्मास विभक्ती लागलेली, क्रियापद कोणाशीही न जुळता एका ठरावीक रूपात थांबलेले : हा आपला भावे प्रयोग. फरक इतकाच की मराठी नपुंसकलिंगावर थांबते आणि हिब्रूत नपुंसकलिंग नसल्याने ती पुल्लिंगावर थांबते. तसेच मराठीत ही विभक्ती मुख्यतः सजीव कर्मास लागते, हिब्रूत निश्चित कर्मास. इतर भाषांतून जो अपवाद म्हणून शिकावा लागतो, तो मराठीतून नियम म्हणून शिकता येतो.

रूपांच्या इतिहासातही असाच एक दुवा आहे. ‘लाकख’ म्हणजे त्याने घेतले. ह्याचे कर्मणी ‘लुक्कख’ पुअलसारखे दिसते, पण ह्या धातूस पिएल नाही. ‘युक्कख’ हे भविष्यरूप हुफअलसारखे दिसते, पण हिफइल नाही. म्हणजे ही दोन्ही रूपे एकेकाळी असलेल्या आणि पुढे लोपलेल्या पाअलच्या खऱ्या कर्मणीची अवशिष्ट रूपे होत. ही उपपत्ती एकोणिसाव्या शतकात ब्यॉट्चर ह्यांनी मांडली आणि ती आज सामान्यतः मान्य आहे. पाअलची ती जागा रिकामी झाली आणि निफअलने ती भरून काढली. त्यामुळेच निफअलवर दोन कामे आली.

मराठीतही असे झाले आहे. ज्ञानेश्वरकालीन भाषेत ‘करिजे’, ‘बोलिजे’, ‘म्हणिजे’ अशी प्रत्ययांत कर्मणी रूपे होती. त्यांस पुराण कर्मणी म्हणतात. ती व्यवस्था लोपली आणि ‘जाणे’ ह्या सहायक क्रियापदाने तिचे काम घेतले. तथापि ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’ ही दोन रूपे उरली. मराठी माणूस दिवसातून शंभर वेळा ‘पाहिजे’ म्हणतो आणि आपण एका लुप्त कर्मणीचे रूप उच्चारीत आहो ह्याची त्यास जाणीव नसते. ‘लुक्कख’ शिकविताना ‘पाहिजे’ची आठवण देणारा शिक्षक विद्यार्थ्यास एक अनियमित रूप पाठ करण्याच्या कष्टातून सोडवितो आणि भाषा कशी वाहते ह्याचे दर्शनही घडवितो.

६

हा सारा विचार केवळ रूपांच्या वर्गवारीचा आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहामास दिलेल्या वचनात पृथ्वीवरील कुळांविषयी ‘आशीर्वाद देणे’ ह्या धातूचे निफअल रूप येते. ह्या धातूचे निफअल बायबलमध्ये केवळ तीन ठिकाणी आहे. ह्याच आशयाच्या दुसऱ्या दोन वचनांत हितपएल आहे. प्राचीन ग्रीक भाषांतराने सर्वत्र कर्मणी अर्थ घेतला : कुळांना आशीर्वाद दिला जाईल. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी ह्यांनी सरळ अर्थ वेगळा सांगितला : माणूस आपल्या मुलास ‘अब्राहामासारखा हो’ असे म्हणेल, म्हणजे कुळे अब्राहामाच्या नावाने आशीर्वाद मागतील. एका अर्थी अब्राहाम हा साऱ्या जगाकडे जाणाऱ्या कृपेचे द्वार ठरतो. दुसऱ्या अर्थी तो आदर्श ठरतो. दोन धर्मपरंपरांच्या आत्मप्रतीतीचा भार ह्या एका क्रियापदावर पडलेला आहे.

निफअल म्हणजे पाअलचे कर्मणी एवढेच ज्याने शिकले, त्यास ह्या ठिकाणी प्रश्नच दिसणार नाही. त्याच्यासाठी निर्णय कोष्टकानेच घेऊन टाकलेला असतो. मराठीत मात्र तीन वाटा मोकळ्या आहेत : ‘आशीर्वाद दिला जाईल’, ‘आशीर्वाद मागतील’ आणि ‘आशीर्वाद लाभेल’. तिसरी वाट विशेष लक्षणीय आहे. ‘लाभणे’ हे स्वतःच मध्यम अर्थाचे क्रियापद आहे. देणारा कोण, मागणारा कोण ह्याविषयी ते बोलत नाही. कोणती वाट घ्यावी हे व्याकरण ठरवू शकत नाही. पण वाटा तीन आहेत एवढे सांगणे हे व्याकरणाचे कर्तव्य आहे आणि ते ‘कर्मणी’ ह्या एका शब्दाने पार पडत नाही.

असेच दुसरे एक लहान उदाहरण अन्नविषयक नियमांचे. लेवीयच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी खाद्य प्राण्यासाठी निफअलचे ‘नेएखेलेत’ हे धातुसाधित येते. त्याचा अर्थ ‘खाल्ला जात असलेला’ नसून ‘खाण्यास योग्य’ असा आहे. ह्यावरून मराठी शक्य कर्मणीचा आधार घेण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. ‘त्याच्याने पोळी खाववत नाही’ ह्यात खाणाऱ्याचे सामर्थ्य सांगितले जाते. हिब्रू रूपात खाद्याची योग्यता सांगितली जाते. येथे ‘खाण्याजोगा’ हेच योग्य मराठी होय. स्वभाषेचा आधार घेणे म्हणजे मिळेल ते साम्य पत्करणे नव्हे.

कर्त्याच्या उल्लेखाबाबतही असाच विवेक हवा. बायबलच्या हिब्रूत कर्मणी वाक्यात कर्ता क्वचितच सांगितला जातो. आजच्या हिब्रूत त्यासाठी ‘अल येदे’ म्हणजे शब्दशः ‘हातांवर’ असा प्रयोग आहे. मराठी विद्यार्थ्यास ‘च्या हातून’ आठवेल. पण ‘माझ्या हातून पेला फुटला’ ह्यात नकळत घडल्याचा भाव आहे आणि ‘अल येदे’मध्ये तो नाही. त्यास ‘कडून’ अधिक जवळचे. ‘हातून’चा तो भाव आजची हिब्रू निफअलास ‘ली’, म्हणजे ‘मला’, जोडून साधते. शिवाय बोलण्यात पुअल व हुफअल रूपांऐवजी कर्त्यावाचून अनेकवचनी क्रियापद वापरण्याची सवय आहे. आपणही ‘असे सांगितले जाते’ ह्यापेक्षा ‘असे म्हणतात’ हेच अधिक बोलतो. नव्याने इस्राएलमध्ये गेलेल्या प्रौढ मराठी विद्यार्थ्यास हे एवढे कळले, तरी त्याची वाक्ये कचेरीतील फलकासारखी न होता माणसांसारखी होतात.

७

आता दुसऱ्या सीमेकडे वळता येईल. झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. तालुक्यात मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू ह्या भाषा वावरतात. त्या तिन्ही द्राविड कुळातील आहेत. कोलामीचे आदिलाबादकडील व्याकरण सेतुमाधवराव पगडी ह्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. एमेनो ह्यांचे वर्ध्याकडील कोलामीवरील विवेचन १९५५ चे आहे. म्हणजे अभ्यासाची सामग्री अनुपलब्ध होती असे नाही. ती वर्गापर्यंत पोहोचविण्याचा प्रश्न आहे.

द्राविड भाषांत क्रियापद भूतकाळातही कर्त्याशी जुळते आणि सकर्मक भूतकाळासाठी कर्त्यास ‘ने’सारखी वेगळी विभक्ती लागत नाही. ह्या बाबतीत हिब्रू आणि कोलामी एका बाजूस आहेत आणि मराठी दुसऱ्या बाजूस. अशा घरातून आलेल्या मुलाने ‘मी पोळी खाल्लो’ म्हणावे हे अपेक्षितच आहे. त्या मुलाने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. ह्या मुलास ‘हा कर्मणी प्रयोग आहे, येथे कर्माचे प्राधान्य असते’ असे सांगितले, तर त्यास न समजलेल्या रूपावर न पटणाऱ्या अर्थाची भर पडते. पोळीचे कसले प्राधान्य? पोळी तर त्यानेच खाल्ली. ‘भूतकाळात खाल्लेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद चालते’ एवढे सांगणे पुरेसे आहे आणि खरेही आहे.

उलट खऱ्या कर्मणीच्या बाबतीत ह्याच मुलाकडे एक ठेवा असतो. द्राविड भाषांत कर्मणी रूपांचा वापर एकंदरीत अल्प आहे. तेलुगूतील ‘बडु’ लावून केलेले कर्मणी प्रायः ग्रांथिक आहे. मात्र तेलुगूत ‘विरुगु’ म्हणजे मोडणे (आपोआप) आणि ‘विरुचु’ म्हणजे मोडणे (दुसऱ्याने) अशा अकर्मक-सकर्मक जोड्या भरपूर आहेत. फुटणे–फोडणे शिकविताना शिक्षकाने तालुक्यातील भाषांमधील अशा जोड्या मुलांकडूनच काढून घेतल्या, तर व्याकरणाचा तास परीक्षेचा न राहता ओळखीचा होईल. जे साधन शावर–निश्बर समजण्यास मराठी भाषकाच्या उपयोगी पडते, तेच फुटणे–फोडणे समजण्यास ह्या मुलाच्या उपयोगी पडते. दोन्हीकडे आधार एकच : विद्यार्थ्याची स्वभाषा.

८

ह्या विवेचनातून अध्यापनाचा एक क्रम निघतो. मराठी भाषकास हिब्रू शिकविताना प्रथम अन्वय आणि प्रयोगार्थ ह्यांची फारकत करावी आणि ‘रामाने पोळी खाल्ली’ हे वाक्य हिब्रूत कर्तरीच होते हे पहिल्याच पाठात स्पष्ट करावे. नंतर निफअल ‘कर्मकर्तरी’ ह्या नावाने, फुटणे–फोडणे आणि करणे–होणे ह्या जोड्यांच्या आधारे शिकवावे. त्याचा कर्मणी अर्थ ‘लिहिणे’सारख्या क्रियापदांपुरता नंतर जोडावा. पुअल व हुफअल ह्यांसाठी मात्र ‘गेला’चे रूप राखून ठेवावे आणि ‘एत’सहित येणारी वाक्ये भावे प्रयोगाच्या साहाय्याने उलगडावीत. ‘कर्मणी’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नव्हे. तिचे क्षेत्र आखून द्यावे, एवढेच.

१८३२ मध्ये मराठीपाशी हिब्रूचे व्याकरण सांगण्यास पुरेशी परिभाषा नव्हती. त्या काळाच्या शिक्षकांस दोष देणे अन्यायाचे होईल. आज परिभाषा आहे, ऐतिहासिक व्याकरण आहे, शेजारच्या भाषांची वर्णने आहेत. तरीही जुने कोष्टक पुढच्या पिढीच्या हाती तसेच दिले, तर तो आळस ठरेल. त्याची किंमत पुस्तक लिहिणाऱ्यास द्यावी लागत नाही. ती द्यावी लागते प्रार्थनेतील शब्दाचा अर्थ शोधणाऱ्या वृद्धास, आणि पैनगंगेच्या काठच्या शाळेत ‘खाल्लो’ म्हणून चूक ठरणाऱ्या मुलास.